ऑटिझम असलेल्या मुलांचं टेन्शन मोजायचं तरी कसं?

थेरपी सेंटरच्या बाहेरच्या बाकावर हल्ली एक प्रश्न हमखास येतो, "ते स्ट्रेस दाखवणारं घड्याळ घेतलं तर कळेल का हो याला नेमकं काय होतंय ते?" विचारणाऱ्या आईच्या रात्रीच्या रात्री जागून गेलेल्या असतात, मुलगा अचानक हात चावायला लागलेला असतो, शाळेतून फोन येत असतात, आणि कुणीतरी एक आकडा हातात द्यावा म्हणजे निदान सुरुवात तरी करता येईल असं तिला वाटत असतं. मला ते अगदी कळतं. माझी लेक आता अकरा वर्षांची आहे, ऑटिझम आहे, बोलते पण स्वतःबद्दल फार कमी बोलते, आणि गेली काही वर्षं मी या मोजण्याच्या मागे लागलेय, फॉर्म भरलेत, डॉक्टरांचं डोकं खाल्लंय, मिळेल ते वाचलंय. बाकावर दोन मिनिटांत सांगून होत नाही म्हणून इथे लिहून ठेवतेय.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते, हे टेन्शन खरं असतं आणि खूप मुलांना असतं. २०११ मध्ये नेदरलँड्सच्या व्हॅन स्टीन्सेल आणि सहकाऱ्यांनी ३१ अभ्यास एकत्र करून पाहिले, सगळी मिळून २,१२१ मुलं, आणि त्यातल्या जवळजवळ ४० टक्के मुलांना ऑटिझमच्या जोडीला अँग्झायटीचा किमान एक तरी असा त्रास होता की ज्याचं वेगळं निदान व्हावं. सगळ्यात जास्त होती ती एखाद्या ठराविक गोष्टीची जबरदस्त भीती, कुत्रा, इंजेक्शन, मिक्सरचा आवाज असली. दहातली चार मुलं म्हणजे काही थोडी नाहीत. तरी आपल्याकडे काय होतं, मूल ओरडलं की ऑटिझम, जेवलं नाही की ऑटिझम, शाळेच्या गेटशी येऊन बसकण मारली की ऑटिझम. एकदा ते नाव लागलं की या मुलांना भीती, काळजी, दुखणंखुपणं काही असूच शकत नाही असं धरूनच चालतात सगळे, शिकलेसवरलेले लोकसुद्धा, आणि मला ते फार लागतं.

अपंगत्वाच्या सर्टिफिकेटसाठी आपल्याकडे ऑटिझम मोजायची जी आयएसएए टेस्ट करतात ती सिकंदराबादच्या बौद्धिक अपंगत्वावर काम करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेने बनवलेली आहे, ४० मुद्दे, प्रत्येकाला १ ते ५ गुण, ७० च्या खाली आलं तर ऑटिझम नाही, १०६ पर्यंत सौम्य, १५३ पर्यंत मध्यम आणि त्याच्या वर तीव्र. तिच्या कामाला ती ठीक आहे, त्यावर यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, मिळतं, सवलती मिळतात, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण ती ऑटिझम मोजते, टेन्शन नाही, हे पालकांना कुणी सांगत नाही आणि मग "गुण कमी झाले म्हणजे टेन्शन कमी झालं" असं समजणारे पालक मला भेटलेत. त्यात एक मुद्दा आहे, काही उघड कारण नसताना मूल उत्तेजित किंवा अस्वस्थ होतं का. तिथे माझं पेन नेहमी अडतं. उघड कुणाला? आम्हाला दिसलं नाही म्हणून कारण नव्हतंच असं कसं म्हणायचं? तिला तर ते दिसत असेल, ऐकू येत असेल, वासाने कळत असेल.

आता अँग्झायटीचे म्हणून जे फॉर्म असतात त्यांच्याबद्दल. डॉक्टरांकडे बहुतेक वेळा जे हातात येतात ते साध्या, न अडखळता बोलणाऱ्या मुलांसाठी बनवलेले असतात. उदाहरणार्थ स्केअर्ड नावाची प्रश्नावली, ४१ प्रश्न, अमेरिकेत १९९७ च्या सुमारास आलेली, एक प्रत मुलाने भरायची, एक आईबाबांनी, आणि २५ किंवा त्याच्या वर बेरीज गेली तर अँग्झायटीची शक्यता धरून पुढे तपासायचं. किंवा स्पेन्सची ऑस्ट्रेलियातली. चांगल्या आहेत, जगभर वापरतात. पण आमच्या घरी त्या वापरायच्या म्हणजे कसं होतं ते सांगते.

लेकीला विचारलं, "घाबरलीस की नाही?" ती म्हणते, "नाही." हेच उलटं करून विचारलं, "नाही घाबरलीस की घाबरलीस?" तर म्हणते, "घाबरलीस." म्हणजे प्रश्नातला शेवटचा शब्द तिच्या तोंडून परत येतो, उत्तर येतच नाही. चहा की दूध विचारलं तरी तेच. आता अशा मुलीसमोर "कधीच नाही, कधीकधी, बरेचदा" असे तीन पर्याय वाचून दाखवले तर ती प्रत्येक वेळी "बरेचदा" म्हणणार, आणि बेरीज केली तर आकडा आभाळाला भिडणार. पर्याय उलट क्रमाने वाचले तर तीच मुलगी एकदम निवांत ठरणार. कागदावर दोन्ही आकडे सारखेच खरे दिसतात.

बरं, जी मुलं छान बोलतात त्यांचं तरी सोपं असतं का, तर तसंही नाही. ऑटिझम असलेल्या साधारण निम्म्या लोकांना स्वतःच्या आत काय चाललंय ते ओळखणं आणि सांगणं अवघड जातं, त्याला ॲलेक्सिथायमिया म्हणतात. छातीत धडधडतंय हे कळतं पण ते भीतीने की पळून आल्यामुळे की भूक लागल्यामुळे हे लागत नाही. आमच्या ओळखीतला एक मुलगा, गणितात हुशार, गाड्यांचे नंबर तोंडपाठ, परीक्षेच्या आधी आठवडाभर पोट दुखतं म्हणून सांगायचा आणि सगळे त्याला अपचनाचं औषध देत होते. तो खोटं बोलत नव्हता, त्याचं पोटच दुखत होतं.

आणि आईने भरायची प्रत? तिथेही गोची आहेच. प्रश्न येतो की मूल अनोळखी माणसांशी बोलायचं टाळतं का. आमची लेक वर्षातल्या सगळ्यात आनंदाच्या दिवशीसुद्धा अनोळखी माणसाशी बोलत नाही, यात भीती किती आणि गरजच न वाटणं किती? लोक आपल्याला काय म्हणतील याची धास्ती घेऊन गप्प राहणं वेगळं आणि बोलण्यात रसच नसणं वेगळं, पण फॉर्मवर दोन्हीला एकाच चौकोनात टिक. उलट तिच्या ज्या खऱ्या भीती आहेत, लिफ्टचं दार अर्धवट उघडून परत बंद होणं, पंख्याला लागलेला वेगळाच आवाज, बाबांनी दाढी काढणं, त्या कुठल्याच प्रश्नात नाहीत. फिलाडेल्फियात कॉनर कर्न्स यांनी २०१४ मध्ये हेच नीट मांडलं, ऑटिझम असलेल्या मुलांत काही भीती नेहमीच्या असतात, काही अगदी वेगळ्या, पुस्तकात न बसणाऱ्या, आणि बऱ्याच मुलांत दोन्ही एकत्र.

म्हणूनच नंतर खास या मुलांसाठी प्रश्नावल्या तयार झाल्या. इंग्लंडच्या न्यूकॅसलमधल्या जॅकी रॉजर्स यांच्या टीमची एएससी-एएसडी आहे, २०१६ ची, २४ प्रश्न, आणि त्यातला एक पूर्ण भाग फक्त अनिश्चिततेवर आहे, म्हणजे पुढे काय होणार हे माहीत नसलं की मुलाचं काय होतं. अमेरिकेतली प्रास नावाची २५ प्रश्नांची, ती तर पालकांशी बोलून बोलून बनवलीय आणि पालकांनीच भरायची, मुलाला बोलावं लागत नाही. तुमच्या डॉक्टरांना यांच्याबद्दल जरूर विचारा. तो अनिश्चिततेचा भाग वाचला तेव्हा मला वाटलं कुणीतरी आमच्या घरात राहून लिहिलाय.

आता घड्याळाकडे येते, कारण बाकावरचा प्रश्न तोच होता.

आपण घाबरलो की तळहाताला घाम सुटतो, तो डोळ्यांना दिसायच्या आधीच त्वचेतून वीज वाहण्याची क्षमता किंचित वाढते आणि ती सेन्सरने मोजता येते. दुसरं म्हणजे हृदयाचे ठोके. निवांत असताना दोन ठोक्यांमधलं अंतर सारखं थोडं कमी-जास्त होत असतं, श्वास आत घेतला की ठोके जरा भरभर, सोडला की जरा सावकाश, आणि ताण आला की हे कमी-जास्त होणं घटतं, ठोके एकसुरी होतात. बाजारातली घड्याळं बहुतेक या ठोक्यांवरूनच स्ट्रेसचा आकडा काढतात, काहींमध्ये घामाचा सेन्सरही असतो. अमेरिकेत एमआयटीच्या रोझालिंड पिकार्ड यांनी या मनगटी सेन्सरवर बरीच वर्षं काम केलंय आणि त्यामागे ऑटिझम असलेल्या लोकांना समजून घेणं हे एक मोठं कारण होतं.

पण हे सेन्सर शरीर किती उत्तेजित झालंय ते सांगतात, कशाने ते सांगत नाहीत. झोपाळ्यावर जोरात झोके घेताना माझ्या लेकीचे ठोके जितके वाढतात तितके भीतीनेही वाढतात. पुण्यात मे महिन्याच्या दुपारी बसस्टॉपवर उभं राहिलं तर घाम कुणालाही येतो, मुंबईत तर बाराही महिने. हात फडफडवणाऱ्या मुलाच्या मनगटावर सेन्सर सारखा सरकतो आणि भलतंच काहीतरी नोंदवतो, आणि ज्या मुलाला शर्टाचं लेबल टोचतं त्याच्या हाताला दिवसभर पट्टा बांधला तर पट्टाच टेन्शन देणार. शिवाय त्या घड्याळांचे हिशेब मुख्यतः मोठ्या माणसांवरून बसवलेले असतात. त्यामुळे नुसता "स्ट्रेस ७८" बघून मुलाला जत्रेतून उचलून घरी आणू नका, कदाचित तो आयुष्यातली सगळ्यात भारी मजा करत असेल.

तरी मी हे सगळं निरुपयोगी म्हणत नाहीये, आणि त्याचं कारण एक अभ्यास आहे जो मला फार महत्त्वाचा वाटतो. २०१९ चा, नॉर्थईस्टर्न युनिव्हर्सिटीच्या मॅथ्यू गुडविन यांच्या टीमचा. हॉस्पिटलमध्ये दाखल असलेली २० मुलं, ऑटिझम असलेली, मारण्याचे-चावण्याचे प्रसंग वारंवार होणारी. त्यांच्या मनगटाला पट्टे बांधले, ६९ तास निरीक्षण केलं, त्यात असे ५४८ प्रसंग नोंदले गेले. मग आधीच्या तीन मिनिटांच्या ठोके-घाम-हालचालींवरून पुढच्या एका मिनिटात प्रसंग होईल का हे कॉम्प्युटरला सांगता येतं का ते पाहिलं. नुसत्या अंदाजाने ठोकून दिलं तर ०.५ आणि एकदम अचूक असेल तर १ असं ते माप आहे. सगळ्या मुलांना मिळून एकच हिशेब लावला तेव्हा ०.७१ आलं. आणि प्रत्येक मुलाचा हिशेब त्याच्या स्वतःच्याच माहितीवरून बसवला तेव्हा ०.८४.

मला यात दोन गोष्टी दिसतात. सगळे म्हणतात "अचानक मारलं", पण शरीर मात्र आधीपासून सांगत असतं. आणि दुसरी, जी मी भेटेल त्या प्रत्येक आईला सांगते, की मूल मोजायचं तर त्याच्या स्वतःच्याच निवांत दिवसाशी ताडून मोजायचं. शेजारच्या मुलाशी नाही, फॉर्मवरच्या सरासरीशी नाही, ऑटिझम असलेल्या दुसऱ्या मुलाशीसुद्धा नाही. इतकी मोठी यंत्रं लावून त्यांनाही हेच जास्त चांगलं जमलं.

लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताण आला की शरीरात वाढणारं हार्मोन, तपासण्याबद्दलही विचारतात लोक. संशोधनात ते वापरतात, ब्लाइथ कॉर्बेट यांनी मुलांना खेळाच्या मैदानावर अनोळखी मुलांसोबत खेळू देऊन लाळेचे नमुने घेतले आणि ऑटिझम असलेल्या मुलांपैकी वयाने मोठी असलेली जास्त ताणात दिसली. हे वाचून मला भरून आलं होतं, कारण आपण समजतो मोठं झालं की सरावेल, आणि इथे तर मोठं झाल्यावर आपण वेगळे आहोत हे कळायला लागतं की काय असं वाटतं. पण घरच्या वापरासाठी लॅबमध्ये जाऊन ही टेस्ट करण्यात अर्थ नाही. कॉर्टिसॉल सकाळी उठल्यावर अर्ध्या-पाऊण तासात सगळ्यात वर असतं आणि दिवसभर उतरत जातं, वेळ जरा इकडेतिकडे झाली की आकडा बदलला, आणि तोंडात ब्रश न घालू देणाऱ्या मुलाच्या तोंडात कापसाचा बोळा कोण घालणार.

मग आम्ही काय करतो? आमचा तक्ता फ्रिजवर लावलेला आहे, पाच पायऱ्यांचा, खाली हिरवा वर लाल. असे तक्ते सगळ्याच थेरपी सेंटरमध्ये मिळतात, पण त्यात हसरे-रडके चेहरे असतात आणि ते आमच्याकडे चालत नाहीत, म्हणून आम्ही चेहऱ्यांच्या जागी तिची स्वतःची लक्षणं लिहिलीत. ही लक्षणं शोधायला सगळ्यात जास्त मदत झाली ती सासूबाईंची. त्या काही वाचायला गेल्या नाहीत, पण दिवसभर तिच्याजवळ असतात आणि त्यांना स्वयंपाकघरातून नुसत्या आवाजावरून कळतं, "आज हिचं काहीतरी बिनसलंय बघ." ती सतत गुणगुणत असते, आणि निवांत असली की गुणगुणणं खालच्या पट्टीत, ताण आला की पट्टी चढते. ही आमची दुसरी पायरी. तिसरी म्हणजे कानाची पाळी पुढे दुमडून धरणं, एका हाताने, डाव्याच. चौथी पायरी म्हणजे एक वाक्य. "हलायचं नाही हं, झालंच." ती लहान असताना रक्त काढताना तिला घट्ट धरून ठेवलं होतं आणि तिथल्या ताई हे परत परत म्हणत होत्या. आता लिफ्टमध्ये, दाताच्या डॉक्टरांकडे, ढोल वाजला की, बस यायला उशीर झाला की ती अगदी त्या ताईंच्याच सुरात म्हणते, "हलायचं नाही हं, झालंच." बाहेरच्याला वाटतं काहीतरी बडबडतेय. आमच्यासाठी ते "मला खूप भीती वाटतेय" आहे, आणि हे जगातल्या कुठल्याच प्रश्नावलीत सापडणार नाही. तुमच्या मुलाचंही असं एखादं वाक्य असेल, एखादी जाहिरात, कार्टूनमधली ओळ, रेल्वेची अनाउन्समेंट. ती पहिल्यांदा कुठे ऐकली ते आठवून बघा.

तक्त्याच्या शेजारी एक वही आहे. आधी काय झालं, मग ती काय करत होती, मग आम्ही काय केलं, आणि पायरी कितवी. वेळ, झोप, शी झाली का. वही आम्ही सुट्टीत सुरू केली आणि ते फार कामाला आलं, कारण शाळा नसताना, पाहुणे नसताना, निवांत असताना ती कशी असते तेच तर आपलं शून्य, तिथूनच मोजायचं.

वहीतून जे निघालं ते आम्हाला कुणालाच अपेक्षित नव्हतं. आम्ही धरून चाललो होतो की हिला आवाजाचा त्रास आहे. आवाजाचा आहेच, पण चौथी-पाचवी पायरी बहुतेक वेळा आवाजामुळे यायची नाही, आवाज कधी येईल ते माहीत नसल्यामुळे यायची. पुण्यात गणपतीच्या आधी महिना-दोन महिने ढोलपथकांचा सराव सुरू होतो, आणि आमच्या लेकीला प्रत्यक्ष ढोलापेक्षा ढोल सुरू व्हायच्या आधीची संध्याकाळ जास्त जड जाते, पाच वाजल्यापासून कान दुमडून खिडकीशी. आम्ही जवळच्या पथकातल्या मुलांना जाऊन भेटलो, त्यांनी किती वाजता सुरू आणि किती वाजता बंद ते सांगितलं, बदल झाला तर मेसेज करतात, खूप चांगली पोरं आहेत. मग घड्याळाचं चित्र काढून वेळ भिंतीवर लावली. ढोल तितकाच वाजतो, पण पायरी दुसरीच्या वर क्वचित जाते.

तेव्हापासून मी आणखी एक गोष्ट करते, लेकीसोबत आजूबाजूचंही मोजते. फोनवरचं आवाज मोजायचं ॲप काही लॅबइतकं अचूक नसतं, पण दोन खोल्यांची तुलना करायला पुरतं. आपल्या नियमांप्रमाणे राहत्या भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ ही मर्यादा आहे आणि शाळा-हॉस्पिटलच्या आसपास शांतता क्षेत्रात त्याहून कमी, दिवसा ५०. मधल्या सुट्टीत शाळेच्या पत्र्याच्या शेडखाली ॲप लावून बघा, आकडा बघून शिक्षकही गप्प होतात. मुलाचा आकडा दाखवला की सल्ला मुलासाठी मिळतो, त्याला हे शिकवा, ते औषध द्या. खोलीचा आकडा दाखवला की खोलीबद्दल बोलणं सुरू होतं.

शाळेचा विषय निघालाच आहे तर, आधीच्या एका शाळेत आम्हाला दर मीटिंगला ऐकवलं जायचं की इथे तर ती अगदी शहाण्यासारखी असते, तुम्हीच घरी लाडावून ठेवलंय. आणि ती शहाण्यासारखी घरी यायची, दप्तर टाकायची आणि तासभर जमिनीवर डोकं आपटायची. दोन्ही खरं होतं. बऱ्याच मुली, आणि मुलंही, शाळेत सगळं दाबून धरतात, इतरांसारखं वागतात, आणि सुरक्षित जागी पोचल्यावर सोडतात. म्हणून शिक्षकांचा फॉर्म आणि आईचा फॉर्म जुळला नाही तर कुणीतरी खोटं लिहिलंय असं समजू नका, दोन्ही शेजारी शेजारी ठेवा, त्या दोघांमधलं अंतर म्हणजेच मूल दिवसभर किती दाबून धरतंय त्याचा अंदाज. आताच्या शाळेत बदली शिक्षक येणार असतील तर सकाळी फोटो पाठवतात, एवढ्या एका गोष्टीने दुपार बदलली.

उपचारांबद्दल फार लिहीत नाही, ते डॉक्टरांचं काम. फक्त हे सांगते की ऑटिझम असलेल्या मुलांसाठी बदल करून घेतलेली सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं हळूहळू बदलायला शिकवणारी थेरपी, नेहमीच्या सीबीटीपेक्षा जास्त उपयोगी पडते असं २०२० मध्ये १६७ मुलांवरच्या अभ्यासात दिसलंय, म्हणजे अँग्झायटी वेगळी ओळखली तर त्यावर वेगळं कामही करता येतं.

आणि एक अगदी महत्त्वाचं. पायरी अचानक चढली आणि उतरेचना, तर घड्याळ, फॉर्म, वही सगळं बाजूला ठेवून आधी दुखणं तपासा. दात, कान, घसा, बद्धकोष्ठ. बोलता न येणाऱ्या मुलाचं दुखणं आणि भीती बाहेरून सारखीच दिसते. आमच्याकडे एकदा सगळे शाळेला दोष देत होते आणि निघाली दाढ. आता लेकीची पाळी येण्याचं वय जवळ आलंय, त्यामुळे वहीत तारखेचा रकाना वाढवलाय, पोट आणि कंबर दाखवायची चित्रं तयार केलीत, पॅडचा स्पर्श सवयीचा व्हावा म्हणून आतापासून रोज थोडा वेळ लावून बघतोय. गुणगुणण्याची पट्टी त्या दिवसांत चढते का, ते कळायला आधीचे निवांत महिने लिहिलेले असायला हवेत, म्हणून सध्या काहीच घडलं नाही असे दिवससुद्धा मी लिहितेय.